'आधारगृह' नको, 'सोबतीचं घर' म्हणा

परभणीच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: समाजकार्याच्या प्रबंधात 'होमलेस'ला बेघर म्हणू की निराधार? आणि 'सपोर्टिव्ह हाउसिंग'ला, म्हणजे बेघराला कायमचं घर आणि जोडीला मदतीच्या सेवा देण्याला, 'आधारगृह' चालेल का?

पहिलं सोपं आहे. निराधार म्हणजे ज्याला बघणारं कुणी नाही. आपल्याकडं 'निराधारचा पगार' घेणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या स्वतःच्या घरातच राहतात. तेव्हा बेघरच. फारसी 'बे' आपल्या 'घरा'ला चिकटलाय, बेसूर-बेभानसारखा.

पण हा शब्द जपून वापरा. २०११ च्या जनगणनेत रस्त्याकडेला, पुलाखाली, पाइपात, फलाटावर उघड्यावर झोपणाऱ्यांना बेघर धरलं. देशात ते सुमारे १७.७ लाख भरले. आता बीडचा ऊसतोडीला गेलेला माणूस घ्या. सहा-सहा महिने कारखान्यावर पाचटाच्या नाहीतर ताडपत्रीच्या कोपीत काढतो. त्याला गावात कुणी बेघर म्हणत नाही, 'बिऱ्हाड कारखान्यावर हाय' म्हणतात. गावात त्याचं घर आहे, त्यात म्हातारा-म्हातारी आहेत. बिऱ्हाड हलतं, घर जागेवर राहतं. हा फरक मराठीत आयताच आहे, प्रबंधात वापरा.

आता 'आधारगृह'. माझं मत स्पष्ट आहे: नको. बालगृह, सुधारगृह, निरीक्षणगृह आठवून बघा. शेवटी 'गृह' आलं की दारावर रखवालदार आणि आत नियमांची पाटी दिसते. (शिवाय 'आधार' म्हटलं की लोक कार्ड काढतात, ते वेगळंच.) 'सपोर्टिव्ह हाउसिंग'चा कणा नेमका उलटा आहे. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी सुरू केलेल्या कामात आधी घर दिलं. दारू सोडा, औषधं घ्या, मग घर, ही अट काढून टाकली. मदतीला माणसं येत, पण घर भाडेकरूचं. पुढं कॅनडानं २००९ पासून पाच शहरांत मानसिक आजार असलेल्या दोन हजारांवर बेघरांवर ही पद्धत चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून तपासली. अभ्यासाच्या शेवटच्या सहा महिन्यांत, आधी घर मिळालेल्यांपैकी ६२ टक्के लोक सगळा काळ घरात टिकून होते. नेहमीच्या सेवांवर असलेल्यांपैकी ३१ टक्के.

म्हणजे घर त्याचं, आणि वर कुणीतरी येऊन-जाऊन. याला आपल्याकडं शब्द आहे: सोबत. म्हातारी एकटी असली की शेजारची पोरगी रात्री 'सोबतीला' झोपायला जाते. घर म्हातारीचंच राहतं, पोरगी पाहुणी. म्हणून मी 'सोबतीचं घर' म्हणेन. तुमच्या मार्गदर्शकांना फार घरगुती वाटलं तर 'सेवांसह कायम घर' लिहा, अर्थ बिघडत नाही.

'निवारा' मात्र इथं खर्चू नका. तो 'निवारणे'तून आला. ऊन-पाऊस अडवला की त्याचं काम झालं. रात्रीपुरत्या जागेला तो बरोबर बसतो.