प्रश्नोत्तरे : उणे आले की असमानता का उलटते?

या वेळच्या पत्रांत गणिताची पत्रे जास्त आहेत आणि त्यांतली बरीचशी असमानतांबद्दल आहेत. समीकरणे बिनचूक सोडवणारी मुलेही इथे अडखळतात, कारण समीकरणात खपून जाणारी सवय इथे खपत नाही. म्हणून सदराची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : −३क्ष + ७ > १९ हे उदाहरण मी असे सोडवले : ७ पलीकडे नेले, −३क्ष > १२ मिळाले, −३ ने भागले, उत्तर क्ष > −४. बरोबर उत्तर क्ष < −४ आहे. भागताना चिन्ह बदलायचे असे सांगतात. मग ७ पलीकडे नेताना ते का बदलले नाही? (अकरावीची विद्यार्थिनी, बारामती)

उत्तर : गोंधळ ‘चिन्ह’ या शब्दामुळे होतो. आपण अधिक-उण्यालाही चिन्ह म्हणतो आणि < , > यांनाही चिन्हच म्हणतो. ‘पलीकडे नेले की चिन्ह बदलते’ हे शाळेत पाठ झालेले वाक्य फक्त त्या पदाच्या अधिक-उण्याबद्दल आहे. ७ पलीकडे गेले म्हणजे दोन्ही बाजूंतून ७ वजा झाले, एवढेच. दोन्ही संख्या संख्यारेषेवर सात घरे डावीकडे सरकल्या. दोघी सारख्याच सरकल्या, त्यामुळे जी पुढे होती ती पुढेच राहिली आणि > तसेच राहिले.

ऋण संख्येने गुणणे किंवा भागणे यात मात्र संख्या सरकत नाहीत, शून्याच्या पलीकडे उलटतात. २ < ५ घ्या आणि दोन्हींना −१ ने गुणा. २ जातो −२ वर, ५ जातो −५ वर. शून्यावर आरसा उभा केल्यासारखे होते : उजवीकडे जी जास्त लांब होती, ती आता डावीकडे जास्त लांब आहे. म्हणून −२ > −५.

आणि हा नियम वेगळा पाठ करण्याचीही गरज नाही, कारण तो बेरीज-वजाबाकीतूनच निघतो. तुमचेच उदाहरण पाहा. −३क्ष > १२ च्या दोन्ही बाजूंत ३क्ष मिळवा : ० > १२ + ३क्ष. दोन्हीकडून १२ वजा करा : −१२ > ३क्ष. आता धन ३ ने भागा : −४ > क्ष. हेच उजवीकडून वाचले की क्ष < −४. कुठेही चिन्ह उलटवले नाही, तरी उत्तर बरोबर आले. ज्यांचा हात वारंवार चुकतो त्यांनी परीक्षेत खुशाल हीच रीत वापरावी. एक ओळ वाढते, पण क्ष चा सहगुणक धन असताना चुकायला जागाच उरत नाही.

याची उलट चूकही तितकीच आढळते. ३क्ष < −१२ असे असले की उजवीकडचे उणे पाहून मुले घाईने क्ष > −४ लिहितात. तुम्ही भागत आहात ३ ने, आणि ३ धन आहे. ज्याला भागले त्याचे उणे बघायचे नाही, ज्याने भागले त्याचे बघायचे. उत्तर क्ष < −४.

प्रश्न : लहान-मोठेपणा शिकवताना ‘मगर मोठा घास खाते’ असे सांगून < आणि > शिकवले. आता सहावीत मुले −१२ > −५ लिहितात. काय करावे? (शिक्षिका, जिल्हा परिषद शाळा, सातारा जिल्हा)

उत्तर : मगरीने चिन्हाचे तोंड कुठे उघडायचे ते शिकवले, मोठे म्हणजे काय ते शिकवले नाही. मुलांच्या मनात मोठे म्हणजे आकडा मोठा. ऋण संख्यांत तो अर्थ चालत नाही. संख्यारेषेवर जी उजवीकडे ती मोठी, हा एकच अर्थ आता धरायला हवा.

आपल्या भाषेने इथे फार चांगली सोय करून ठेवली आहे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात या संख्यांचे नियम सांगितले ते धन आणि ऋण याच शब्दांत, आणि ऋण म्हणजे कर्ज हे सहावीतल्या मुलालाही कळते. एकाच्या डोक्यावर १२ रुपयांचे कर्ज, दुसऱ्याच्या डोक्यावर ५ रुपयांचे. ज्याचे कर्ज जास्त, त्याच्यापाशी कमी. −१२ < −५. फळ्यावर आडवी रेषा काढून दोघांनाही तिच्यावर उभे करा आणि मगरीला थोडे दिवस बाजूला ठेवा.

प्रश्न : (क्ष + ३)/(क्ष − २) ≥ २ सोडवताना तिरकस गुणाकार केला : क्ष + ३ ≥ २क्ष − ४, म्हणून क्ष ≤ ७. उत्तरात मात्र २ < क्ष ≤ ७ दिले आहे. २ कुठून आला? (अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेची तयारी करणारा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : आधी तुमचे उत्तर का चुकते ते एका किमतीने पाहू. क्ष = ० हा क्ष ≤ ७ मध्ये बसतो. पण डावी बाजू येते ३/(−२), म्हणजे −१.५. ती २ पेक्षा मोठी नाही.

तिरकस गुणाकार म्हणजे दोन्ही बाजूंना (क्ष − २) ने गुणणे. समीकरणात तो चालतो, कारण = ला उलटण्याची भीती नाही. इथे मात्र (क्ष − २) धन आहे की ऋण, हे गुणण्याआधी माहीत असावे लागते, आणि ते क्ष वर अवलंबून आहे. तुम्ही नकळत तो धन धरला. अक्षराच्या पुढे उणे दिसत नाही म्हणून ते धन, हा समज या विषयातल्या निम्म्याअधिक चुकांच्या मुळाशी असतो.

बिनधोक रीत अशी : गुणू नका, सगळे एका बाजूला आणा.

(क्ष + ३)/(क्ष − २) − २ ≥ ०
(क्ष + ३ − २क्ष + ४)/(क्ष − २) ≥ ०
(७ − क्ष)/(क्ष − २) ≥ ०

आता प्रश्न फक्त अपूर्णांक धन कधी एवढाच आहे. अंश ७ ला शून्य होतो, छेद २ ला. हे दोन बिंदू संख्यारेषेचे तीन तुकडे करतात. क्ष < २ असेल तर अंश धन, छेद ऋण, अपूर्णांक ऋण. २ आणि ७ च्या मध्ये दोन्ही धन, म्हणून अपूर्णांक धन. क्ष > ७ असेल तर अंश ऋण, छेद धन, पुन्हा ऋण. मधला तुकडा हवा. ७ ला अपूर्णांक शून्य होतो आणि ≥ मध्ये शून्य चालते, म्हणून ७ धरायचा. २ ला छेदच शून्य होतो, म्हणून २ सोडायचा. २ < क्ष ≤ ७.

गुणायचेच असेल तर (क्ष − २)² ने गुणा. वर्ग ऋण होत नाही, त्यामुळे चिन्ह सुरक्षित राहते आणि (क्ष − २)(७ − क्ष) ≥ ० मिळते. त्यातून २ ≤ क्ष ≤ ७ येते. त्यातला २ हाताने काढून टाकायला विसरू नका, हमखास गुण जातात ते तिथेच.

प्रश्न : अ < ब < ० दिले असेल तर अ² आणि ब², तसेच १/अ आणि १/ब यांत मोठे कोण? दर वेळी किमती घालून पाहावे लागते. (वाचक, पणजी)

उत्तर : किमती घालणे वाईट नाही. अ = −५, ब = −२ घ्या. वर्ग २५ आणि ४, म्हणजे अ² > ब². व्यस्त −०.२ आणि −०.५, म्हणजे १/अ > १/ब. घन −१२५ आणि −८, म्हणजे अ³ < ब³. वर्ग आणि व्यस्त उलटतात, घन उलटत नाही.

कारणही पाहून ठेवा, म्हणजे लक्षात ठेवायला काही उरत नाही. दोघेही ऋण, म्हणून अब धन आहे. अ < ब ला अब ने भागले की १/ब < १/अ. अ < ब ला अ ने, म्हणजे ऋण संख्येने गुणले की अ² > अब. तेच ब ने गुणले की अब > ब². दोन्ही जोडले की अ² > अब > ब².

दोघांची चिन्हे भिन्न असतील तर हे लागू नाही. तेव्हा व्यस्ताचा क्रम उलटत नाही : −२ < ३, आणि −१/२ < १/३. वर्गाबद्दल तर काहीच ठामपणे सांगता येत नाही : −२ < ३ असताना ४ < ९, पण −५ < ३ असताना २५ > ९.

प्रश्न : क्ष ऋण असेल तर √(क्ष²) = −क्ष असे लिहितात. वर्गमूळ ऋण कसे? (दहावीच्या विद्यार्थ्याचे पालक, ठाणे)

उत्तर : ते ऋण नाहीच. क्ष = −६ असेल तर −क्ष = ६. ‘उणे क्ष’ म्हणजे क्ष ची विरुद्ध संख्या. क्ष ऋण असला की ती धन असते. केवलमूल्याच्या व्याख्येतही क्ष ऋण असताना |क्ष| = −क्ष लिहितात, ते याच अर्थाने.

याच्याच जवळची एक चूक : क्ष² > ९ वरून ‘क्ष > ±३’ लिहिणे. त्याला अर्थ नाही. क्ष² > ९ म्हणजे |क्ष| > ३, म्हणजे शून्यापासूनचे अंतर ३ पेक्षा जास्त : क्ष < −३ किंवा क्ष > ३. ही दोन उत्तरे ‘३ < क्ष < −३’ अशी एकत्र लिहू नका. ३ पेक्षा मोठी आणि त्याच वेळी −३ पेक्षा लहान अशी संख्याच नाही.

प्रश्न : बँक भरतीच्या सरावात क्ष² + ७क्ष + १२ = ० आणि य² + ९य + २० = ० देऊन क्ष व य यांतला संबंध विचारतात. माझे उत्तर क्ष ≤ य येते. (वाचक, लातूर)

उत्तर : अवयव (क्ष + ३)(क्ष + ४) आणि (य + ४)(य + ५). क्ष = −३, −४ ; य = −४, −५. तुम्ही बहुधा ३, ४ आणि ४, ५ यांची तुलना केली. चारही जोड्या उणे चिन्हासकट पाहा : −३ हा −४ आणि −५ दोन्हींपेक्षा मोठा, −४ हा −४ इतकाच, −४ हा −५ पेक्षा मोठा. उत्तर क्ष ≥ य.

प्रश्न : समीकरणाचा ताळा किंमत घालून होतो. असमानतेची उत्तरे तर असंख्य. मग ताळा कसा करायचा? (विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : टोके तपासायची, शिवाय आतली एक किंमत आणि प्रत्येक बाजूची बाहेरची एक. −५ ≤ ३ − २क्ष < ९ हे उदाहरण घ्या. तिन्ही भागांतून ३ वजा : −८ ≤ −२क्ष < ६. तिन्ही भागांना −२ ने भागा, दोन्ही चिन्हे उलटवा : ४ ≥ क्ष > −३. म्हणजेच −३ < क्ष ≤ ४. इथे हमखास होणाऱ्या चुका दोन : घाईत एकच चिन्ह उलटवले जाते, किंवा फिरवून लिहिताना ≤ ची खालची रेघ ४ जवळून निसटून −३ ला चिकटते.

आता ताळा. आतला ० : ३ − ० = ३, बसतो. बाहेरचा ५ : ३ − १० = −७, हा −५ पेक्षा लहान, बसत नाही. दुसऱ्या बाजूचा −४ : ३ + ८ = ११, बसत नाही. टोक ४ : ३ − ८ = −५, बरोबरी चालते, म्हणून ४ आत. टोक −३ : ३ + ६ = ९, पण ९ पेक्षा लहान हवे होते, म्हणून −३ बाहेर. संख्यारेषेवर ४ वर भरीव ठिपका काढा, −३ वर पोकळ.