डास, चतुर आणि परसातला हौद

प्रश्न : आमचं घर गुहागर तालुक्यात, मागे पोफळी-केळींचं आगर. डासांमुळे संध्याकाळी पडवीत बसवत नाही. चतुर डास खातात म्हणे. ते यावेत म्हणून कोणती फुलझाडं लावू? एक जुना हौद आहे, तो बुजवावा असं घरचे म्हणतात.
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, हौद ठेवा आणि फुलझाडांचा विचार सोडा. चतुर मध पीत नाही, उडते कीटक धरून खातो. त्याची मादी अंडी घालायला उन्हातलं, उघडं पाणी शोधते. हौदावर माडाची सावली असेल तर चार झावळ्या उतरवून घ्या.

खरं काम पाण्याखाली चालतं. चतुराची अळी खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवते. डासाची अळी वळवळत जवळ आली की तो ओठ झटकन पुढे येतो आणि अळी पकडतो. म्यानमारमधल्या यांगूनमध्ये लोकांच्या घरांतल्या पाणीसाठ्यात अशा अळ्या सोडून डेंग्यूचे डास बरेच कमी केले होते. तो अभ्यास १९९० साली छापून आला. मात्र तिथे अळ्या आणून पुन्हा पुन्हा सोडत होते. आपल्याकडे त्या आपसूक येईपर्यंत धीर धरावा लागतो, कारण डास आठ-दहा दिवसांत तयार होतो आणि चतुराला महिने लागतात. तोवर हौदातल्या डासांच्या अळ्या गाळणीने काढत राहा.

हौदात एका कडेला दगड रचून उतार करा. वेखंड किंवा पाणकणसाची कुंडी बुडवून ठेवा, म्हणजे अळीला वर चढून कात टाकता येईल. गावच्या तळ्यातलं बादलीभर पाणी गाळासकट ओतलंत तर काम लवकर सुरू होतं. गप्पी मासे मात्र चतुराच्या लहान अळ्याही खातात. तेव्हा मासे किंवा चतुर, एकच काय ते ठरवा. मी चतुर निवडले, कारण मला ते बघायला आवडतात.

हौद सोडून बाकी सगळं पाणी हटवायचं. पोफळीच्या गळून पडलेल्या विरी, करवंट्या, कुंडीखालच्या ताटल्या, पागोळीखालची विसरलेली बादली: डेंग्यूचा डास इथे वाढतो आणि इथे चतुर फिरकत नाही. कपडे धुवायची दोण आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा. आगरात कीटकनाशक मारत असाल तर ते बंद करा, नाहीतर आधी चतुरच मरतील.

भाद्रपद-आश्विनात अंगणावर पिवळसर चतुरांचे थवे घिरट्या घालतात, ते तुमच्या हौदाचं यश समजू नका. ते वाटसरू आहेत. त्यांच्यातले कितीतरी पुढे समुद्र ओलांडून मालदीवला पोचतात.

आणि पडवीतल्या डासांचं म्हणाल, तर अंधार पडला की बहुतेक चतुर पानाआड झोपलेले असतात. तिथे पंखा लावा, रात्री मच्छरदाणी.