पन्हा कमी पडला म्हणून

पोरी,

काल तू आलीस तेव्हा मी काज करत बसले होते आणि समोर त्या दोघी फॉल-पिकोच्या साड्या घेऊन बसलेल्या. त्यांच्यादेखत माझ्या कानाशी वाकून तू विचारलंस, "मावशी, मांडीचं हाड कापून उंची कमी करतात म्हणे, खरंय का?" मी "नंतर बघू" म्हणाले, ते जरा तुसडेपणानंच. तुझा चेहरा उतरलेला पाहिला मी. तू गेलीस, पण डोक्यातून गेली नाहीस. त्यात जाता जाता म्हणालीस, "एवढी लांबडी बाई कुठं असते का? त्यापेक्षा आहे तसाच राहतो."

"राहतो" म्हणालीस. बाई व्हायचं सोडून बाप्याच राहतो म्हणून. आणि तेही माझ्यासमोर, जी स्वतः याच वाटेनं आलेय!

आधी हाडाचा विषय संपवून टाकू. करतात तसं ऑपरेशन, एक पाय लांब आणि एक आखूड असला तर. धडधाकट पायांवर करून घेतलंस तर दोन-तीन इंच जातील, मांडीचे स्नायू ढिले पडतील आणि चालणं पुन्हा शिकायला लागेल. सहा फूट दोनची तू सहा फुटांची होशील. सहा फुटांच्या बाईकडे सोलापुरात कुणी वळून बघत नाही असं वाटतं का तुला? मी तीस वर्षं इथंच राहतेय, मला विचार. हार्मोननंही उंची घटत नाही. हाडांच्या टोकांना वाढीची पट्टी असते, ती वयात येऊन संपलं की बंद होते. एकदा बंद झाली की विषय संपला. हार्मोननं कातडी मऊ होते, छाती येते, चरबी जागा बदलते. पण घ्यायचे तर हार्मोनच्या डॉक्टरकडून, रक्त तपासून. मेडिकलमधून बायकांच्या पाळणा लांबवायच्या गोळ्या आणून मूठ-मूठ खाऊ नकोस. आमच्या वेळी सगळ्या तेच करायच्या, मीही केलं. पायात रक्ताची गाठ होऊन एकीचं काय झालं ते मी पाहिलंय. ते लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. माझ्या खोलीची चौकट पाच फूट दहाची आहे. जुना वाडा, तिथं वाकावंच लागतं, ते सोड. पण आत आल्यावरही तू सरळ झाली नाहीस. वर माळवदापर्यंत हात पोचत नाही एवढी जागा, आणि तू खांदे कानाशी नेलेले, मान पुढं काढलेली, एक गुडघा मोडलेला. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, लाजाळू आहे. मला ती तऱ्हा पाठ आहे. बावीस वर्षं मी तशीच उभी राहिले. माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या फोटोत मी मागच्या रांगेत गुडघे वाकवून उभी आहे, आणि फोटोत माझं फक्त कपाळ आलंय. भाचा विचारतो, हे कुणाचं कपाळ?

तर ऐक. माझी उंची सहा फूट एक होती. परवा डॉक्टरनं मोजली तर पाच फूट साडेअकरा. पाठीला बाक आलाय. मान डावीकडे वळत नाही, रिक्षा येते का बघायला अख्खी वळते मी. म्हणजे बघ, हाड न कापता दीड इंच कमी केलाच की मी! खूष आहे का मी? रात्री उशी मानेखाली ठेवू की खांद्याखाली, हे ठरवण्यात बारा वाजतात. आणि ती दीड इंचानं बुटकी झालेली बाई कुणालाही जास्त बाई वाटली नाही. एकालाही नाही.

पोक काढलेल्या बाईचं ब्लाउज शिवून बघ कधी. पाठीची उंची वाढवून घ्यावी लागते, पुढची कमी करावी लागते. नाहीतर मागून ब्लाउज वर चढतं आणि पुढं चुण्या पडतात. लपायला म्हणून वाकायचं आणि अंगातल्या कपड्यानं चुगली करायची. हे मला पंधरा वर्षांपूर्वी कळलं, दुसऱ्यांची मापं घेता घेता. स्वतःचं माप मी तोवर घेतलंच नव्हतं.

सोलापूरची आहेस, पन्हा म्हणजे काय ते तुला सांगायला नको. मागाच्या फणीची रुंदी ठरली की कापडाचा पन्हा ठरला. साडीचा धरून चाल पंचेचाळीस-सत्तेचाळीस इंच. आपल्याकडच्या बायांची सरासरी उंची पाच फुटांच्या आसपास, त्यांना तो पुरून उरतो. तुझ्या कमरेपासून टाचेपर्यंत मी नजरेनं पंचेचाळीस धरले. साडीचेही पंचेचाळीसच, त्यातले खोचायला तीन गेले, राहिले बेचाळीस. घोट्याच्या वर साडी, आणि तू रडतेस की मी किती बेढब. अगं, पन्हा कमी पडला! मागानं ठरवलेली रुंदी ती, तुझ्या अंगाचा काय गुन्हा? पन्हा कमी पडला तर कापड जोडायचं, पाठ वाकवायची नाही. हे मी शंभरदा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

जोडायचं कसं तेही सांगते. साडीच्या वरच्या काठाला, म्हणजे खोचतो त्या बाजूला, त्याच रंगाच्या पॉपलीनची चार इंची पट्टी लावायची. आतल्या टोकापासून निऱ्या संपेपर्यंत, अडीच-तीन मीटर. पदराकडं न्यायची नाही, दिसते. खोचल्यावर सगळी आत जाते आणि खाली चार इंच मोकळे होतात. परकर तयार घ्यायचा नाही, ते अडतीस-चाळिसाचे असतात. चव्वेचाळीसचा शिवून घ्यायचा, नाडीच्या जागी रुंद पट्टा. माझ्याकडे ये, कापडाचे पैसे दे, शिलाईचं बघू.

आणि तो गुलाबी कुर्ता. रेडिमेड घेतलास ना? कुर्त्याची कंबर तुझ्या कंबरेच्या दोन इंच वर बसलीय. कट सुरू होतो तो पोटापाशी, बाही मनगटाच्या चार बोटं अलीकडे थांबते. धाकट्या बहिणीचा घातल्यासारखा दिसतो. आरशात ते बघितलंस आणि ठरवलंस की उंच बाई वाईट दिसते. कंबर चुकीच्या जागी असलेला कुर्ता पाच फुटांच्या बाईलाही वाईटच दिसतो, फक्त तिला दुकानात दुसरा मिळतो. खांदा साडेसोळाच्या पुढं असेल तुझा. बाहीचा जोड अर्धा-पाऊण इंच आत घेईन, फुगा बाही करायची नाही, कोपरापर्यंत सरळ. हे लपवायला नव्हे. बसायला पाहिजे म्हणून.

चपलांचं एका ओळीत. बायकांच्या दुकानात आठ नंबरच्या पुढं हात वर करतात, तेव्हा तिथं जाऊन अपमान करून घेऊ नकोस. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं काढ आणि कोल्हापुरी करणाऱ्याला दे, तो मापानं करतो. टाच हवी असेल तर टाचेची घाल. हो, घाल.

एक गोष्ट सांगते, कुणाला सांगितलेली नाही. मी बाजार मागायला जायचे त्या काळची. माझ्या गुरू मला दुकानासमोर सगळ्यांच्या पुढं उभी करायच्या. "तू फक्त सरळ उभी राहा, बोलू नको." दुकानदार मान वर करून बघायचा आणि गल्ल्यात हात घालायचा. तिथं मी ताठ असायचे. गल्ली संपली, कोपरा वळला की वाकायचे. दुसऱ्याला भीती घालायला माझी उंची मला चालायची, स्वतःला घेऊन भाजी आणायला चालायची नाही. हे गणित किती वर्षं कळलं नाही मला! टाळी सोडून मशीन धरलं ते त्यासाठीच. गुरूंना अजून वाटतं मी माज केला. वाटू दे. त्यांनी खायला घातलं, मी विसरत नाही, पण मला घाबरून दिलेला पैसा नको झाला होता.

आणि माझ्याबरोबर राहायचा त्या माणसाचंही सांगते, कारण कुणीतरी तुझ्या कानावर घालणारच. मी सोडलं त्याला, त्यानं नाही. पाच फूट चार इंचाचा होता. चार वर्षं आम्ही सात रस्त्याकडून रंगभवनपर्यंत फिरायला जायचो, तो फुटपाथवर आणि मी खाली, गटाराच्या कडेनं. म्हणजे खांद्याला खांदा दिसावा. सोलापुरात फुटपाथ किती ते तुला माहीत आहे. जिथं नसेल तिथं तो दहा पावलं पुढं चालायचा. मला ते प्रेम वाटायचं. माझी काळजी घेतो, लोक बघू नयेत म्हणून धडपडतो, असं.

मग एका संक्रांतीला गड्ड्यात, सिद्धेश्वराच्या जत्रेत गेलो. अक्षता सोहळ्याची गर्दी, संमती कट्ट्याकडं नंदीध्वज येत होते. सातही काठ्या, एकामागं एक. "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" झालं आणि मी गर्दीच्या डोक्यावरून सगळं बघत होते. काठी पेलणाऱ्याचा बाराबंदीतला घामेजलेला खांदासुद्धा दिसत होता. लहानपणी बापाच्या खांद्यावरून बघितलं होतं, त्यानंतर पहिल्यांदाच. आणि हा खालून माझा पदर ओढतोय, "खाली वाक की, लोक बघतायत." अख्खं सोलापूर मान वर करून काठ्या बघत होतं बाई! माझ्याकडे बघायला वेळ कुणाला होता? मी वाकले नाही. घरी आल्यावर त्याचे कपडे घडी करून पिशवीत भरले.

लोक म्हणतात एवढ्याशा कारणावरून. हो, एवढ्याशाच. मला टायफॉइड झाला तेव्हा त्यानं तीन आठवडे पेज भरवली होती, तेही खरं आहे. त्याला आई होती, दोन भाऊ होते, गल्ली होती, त्याला कशाची भीती होती ते मला आज दिसतं. तेव्हा दिसलं असतं तर? तरी सोडलं असतं. मला वाटतं सोडलं असतं. आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी मी हा हिशोब परत मांडते आणि दर वेळी माझंच बरोबर येतं, त्यामुळं जरा संशय येतो. पण गटाराच्या कडेनं मी पुन्हा चालले नसते, हे नक्की. तू चालू नकोस.

उंचीमुळं ओळखू येशील, हे मी नाकारत नाही. बुटकी असतीस तर गर्दीत खपून गेली असतीस, तुला ते नाही. पोरं म्हणणार, "काय बे, टॉवर आला!" एसटी स्टँडवर बायका सरकून बसणार. रात्री उशीर झाला तर ओळखीच्याच रिक्षात बस, नंबर कुणाला तरी पाठव. त्यात ताठा दाखवू नकोस. पण वाकून यातलं काही टळत नाही. मी बावीस वर्षं करून बघितलंय. वाकलेली उंच बाई लांबून जास्त ओळखू येते, कारण ती काहीतरी लपवतेय हे बघणाऱ्याला पहिल्यांदा कळतं.

आणि "आहे तसाच राहतो" याचं उत्तर. 2014 च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आपण कोण ते आपण ठरवायचं. त्या निकालात फूटपट्टी कुठं आलेली नाही. पूनम चतुर्वेदी नावाची बास्केटबॉल खेळणारी पोरगी आहे आपल्या देशात, जवळजवळ सात फूट. तिला कुणी विचारत नाही बाई आहेस का म्हणून, किंवा विचारत असतील तर ती खेळत राहते. आणि लांब कशाला, आपल्याच जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातल्या तरंगफळ गावानं 2017 साली आपल्यातल्याच ज्ञानदेव कांबळे यांना सरपंच केलं. सगळे माऊली म्हणतात त्यांना. साडी नेसून ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बसल्या. गावानं मत दिलं, माप नाही घेतलं. तू वीस वर्षांची. दोन इंचांसाठी आयुष्य मागं ठेवून देणार? मला राग येतो तो याचा. माझ्याकडे पंधरा वर्षं उरली असतील फार तर, ती मी आखडलेल्या मानेनं काढणार. तुझी पाठ अजून तारेसारखी आहे आणि तू ती स्वतःच्या हातानं वाकवतेस.

रागाच्या भरात फार लिहिलं. रोज अर्धा तास भिंतीला टाच, कुल्ले, खांदे आणि डोकं टेकवून उभी राहायला मला डॉक्टरनं सांगितलंय. मी पाच मिनिटं राहते. तू आलीस तर दोघी राहू.

आणि आज सकाळपासून ती चौकट डोळ्यासमोर आहे. सतरा वर्षं मी तिच्याखालून वाकून आत येते, कपाळावर दोन खुणा आहेत, आणि तुला सांगायला बसले कापड जोड म्हणून. गवंड्याला बोलावून दाखवलं. वर घेता येणार नाही म्हणाला, वर जुनी तुळई आहे. पण उंबरा काढून पायरी पाच इंच खाली घेता येईल. वाड्याच्या मालकीणबाई ऐकत नव्हत्या. उंबरा फोडू नये, लक्ष्मी जाते म्हणाल्या. मी म्हटलं, गेली तर वाकून जाणार नाही निदान. हसल्या, आणि खर्च तुझा म्हणाल्या.

गवंडी रविवारी येतोय. तू सोमवारी ये, तोवर सिमेंट ओलं असेल, बाजूच्या फळीवरून ये. आईची ती इरकल आण, पट्टीचा रंग जुळवायला लागेल.

— मावशी