छोट्या जपानी-अमेरिकी हॉटेलात पहिल्यांदा जाताय?

भाऊ, लातूरहून मुंबईला जाताय तर अशा मोजक्या खुर्च्यांच्या हॉटेलात जेवाच. जागा आधी फोनवर ठरवा आणि घरातलं कुणी शाकाहारी असेल तर तेव्हाच स्पष्ट सांगा. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं सूप) दिसायला निर्धोक असतं, पण त्यातली दाशी, म्हणजे सूपचं मूळ चवदार पाणी, बहुधा कोंबू हे समुद्री शेवाळ आणि वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस घालून करतात. नुसत्या कोंबूचीही होते. आधी कळलं तर आचाऱ्याला सोय करता येते.

कच्च्या माशाचं दडपण असेल तर कॅलिफोर्निया रोल मागवा: खेकडा किंवा सुरिमी (माशाच्या लगद्याचा, खेकड्यासारखा लागणारा प्रकार), अ‍ॅव्होकॅडो, काकडी, नोरी (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागदासारखा पापुद्रा) आत, भात बाहेर. हा उत्तर अमेरिकेत रुजलेला प्रकार, आणि सुरुवातीला मला तरी हाच योग्य वाटतो.

काउंटरवर जागा मिळाली तर सोडू नका, आचाऱ्याचा हात समोर दिसतो. निगिरी, म्हणजे भाताच्या छोट्या मुटक्यावर ठेवलेला माशाचा तुकडा, हातानं खाल्ली तरी चालते. सोया सॉसमध्ये माशाची बाजू बुडवा. भात बुडवला की सुटतो. वासाबी ही हिरवी झणझणीत चटणी मात्र जपून! आपला ठेचा जिभेवर जळतो, ही थेट नाकात चढते. आल्याच्या गुलाबी चकत्या दोन प्रकारांच्या मध्ये खायच्या, निगिरीवर ठेवायच्या नाहीत.