सुट्टीवर पाच ओळी लिही म्हटलं की मूल अडतं. लहान मुलांना बोलतं-लिहितं कसं करावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी दुसरीत आहे, शाळा मराठी, घरात कोंकणी. चतुर्थीच्या सुट्टीवर पाच ओळी लिही म्हटल्यावर तिने 'मी मामाच्या घरी गेले. खूप मजा आली.' एवढं लिहून पेन्सिल खाली ठेवली, आणि वर्गात बोलायला उभी केली तर तेवढंही नाही.

मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवते, पहिली ते चौथी एकाच खोलीत. असे दोन ओळींचे निबंध मी ढिगाने वाचलेत आणि त्यातले बरेचसे माझ्याच कृपेने तयार झाले होते. सुरुवातीला मी फळ्यावर नमुना लिहून द्यायचे. एका वर्षी 22 वह्यांत 22 मामा निघाले. त्यातल्या एकीला मामाच नव्हता.

मुलीचं काही चुकत नाहीये, प्रश्नच फार मोठा आहे. सात-आठ वर्षांच्या पोरीला 'सुट्टी' आठवत नाही. तिला आठवते ती माटोळी बांधताना काकाच्या हातून सुटलेली दोरी. म्हणून मी आता सुट्टीबद्दल विचारतच नाही, एका वस्तूबद्दल विचारते. चतुर्थीनंतर तर माटोळी आयतीच हाताशी असते. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: गणपतीच्या वर टांगलेली लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, आंबाडे, तोरिंजन, चिबूड आणि रानातून आणलेली कांगलां, माट्टी ही फळं, असं काय काय बांधतात. यातली अर्धी नावं पाठ्यपुस्तकात नसतात, पण मुलांना ती माहीत असतात, कधीकधी माझ्यापेक्षा जास्त. 'माट्टी कुठून आणली? कोणाबरोबर गेलास? जळवा लागल्या का?' जळवांचा प्रश्न विचारला की वर्ग आवरत नाही. एरवी तोंडातून शब्द न काढणारा एक मुलगा त्या दिवशी बाबांच्या पायाला किती जळवा होत्या, त्या मिठाने कशा सोडवल्या, आई काय म्हणाली, सगळं सांगून मोकळा झाला.

माझा दुसरा हुकमी प्रश्न आहे: 'सुट्टीत तू कोणाचा ओरडा खाल्लास?' 'कसं वाटलं?' विचारलं की 'बरं वाटलं' हेच उत्तर येतं. ओरडा म्हटला की त्यात माणसं येतात, जागा येते, काहीतरी सांडलेलं किंवा फुटलेलं असतं. गोष्ट आपोआप तयार होते. तुमच्या मुलीला आज रात्री जेवताना हेच विचारून बघा. वही जवळ ठेवू नका.

आणि सांगू दे कोंकणीतून. तीच गोष्ट उद्या आजीला सांगायला लावा, परवा शेजारच्या काकींना. तिसऱ्या खेपेला गोष्ट सुधारलेली असते: फापटपसारा गळतो, मजेची जागा लांबते, क्रम लागतो. ही तिसऱ्या खेपेची गोष्ट मराठीतून सांगायला सांगा आणि मग लिहायला. मध्ये एखादा शब्द अडला तर कोंकणीच लिहू दे. लिपीची तर अडचणच नाही. 1987 च्या राजभाषा कायद्याने राजभाषा झालेली कोंकणीही देवनागरीतलीच, त्यामुळे शाळेत शिकलेली अक्षरंच तिथे चालतात. 'बांय' लिहिलं तर नंतर हळूच 'विहीर' सांगता येतं. ऐन ओघात थांबवून सांगितलं तर विहीरही जाते आणि गोष्टही.

इथे एक चूक खास आपल्याकडच्या मुलींची. तुमची मुलगी 'मी गेलं', 'ताई आलं' असं लिहिते का? पुष्कळ मुली लिहितात आणि बाहेरून आलेल्या शिक्षकांना हा निव्वळ निष्काळजीपणा वाटतो. घरच्या कोंकणीत लहान मुलगी नपुंसकलिंगी असते. ती 'हांव मामागेर गेल्लें' म्हणते, ताईबद्दल 'तें आयलें' म्हणते. तेच व्याकरण ती इमानदारीने मराठीत आणते. मी तिथे लाल पेन लावत नाही. शेजारी तिचंच वाक्य 'मी गेले' असं लिहून दोन्ही मोठ्याने वाचायला लावते. काही महिन्यांत कान तयार होतो. एका लिखाणात एकच गोष्ट दुरुस्त करायची, एवढा नियम मी पाळते. या आठवड्यात पूर्णविराम तर पूर्णविराम, बाकीचं दिसलं तरी डोळे मिटायचे. हे पालकांना पटवणं मुलांना शिकवण्यापेक्षा कठीण.

'मग... मग... मग...' हेही सुरुवातीला चालू द्या. नंतर नेवऱ्यांवर या, म्हणजे आपल्या करंज्या. सारण कोणी केलं, लाटलं कोणी, मुरड कोणी घातली, तळताना पहिली कोणती फुटली. या कामात एकाच वेळी तिघं-चौघं तीन-चार गोष्टी करत असतात, म्हणून 'तोवर' आणि 'इतक्यात' हे शब्द इथे चपखल बसतात. 'आई सारण परतत होती, तोवर मी खोबरं खाल्लं.' दुसरीतल्या मुलाचं हे वाक्य मला पानभर निबंधाहून जास्त आवडतं.

आता जरा नाजूक गोष्ट. 'सुट्टीत कुठे गेला होतात?' हा प्रश्न गोव्यात तरी मी बंद केलाय. लोक सुट्टीला येतात ते आपल्याकडे. नाताळच्या सुट्टीत शॅकवर, हॉटेलात, टॅक्सीवर काम करणाऱ्या आईबाबांना मान वर करायला वेळ नसतो. वर्गात अर्धी मुलं 'आम्ही म्हैसूरला गेलो' सांगतात आणि उरलेली खाली बघतात. एकदा एक मुलगा मला म्हणाला होता, 'सुट्टीत बाबा सगळ्यात कमी दिसतात.' तेव्हापासून विचारते, 'सुट्टीत आपल्या गावात कोण आलं?' मग खेळ लावते. एक मूल पाहुणा, एक गावकरी. पाहुण्याला बसथांब्यापासून देवळापर्यंतचा रस्ता सांगायचा, हात न दाखवता, नुसत्या शब्दांनी. मुलं आधी 'असं जा, तसं जा' करतात. पाहुणा मुद्दाम चुकीच्या वाटेला लागला की शब्द शोधायला लागतात. बोलायला लाजणारी मुलं यात लवकर खुलतात, कारण सगळं लक्ष चुकलेल्या पाहुण्याकडे असतं.

पहिलीतल्या मुलांना वाक्यांच्या मागे लावू नका, याद्या करायला द्या. मे महिन्यातलं पुरुमेंत त्यासाठी उत्तम: पावसाळ्याची बेगमी, हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. सोलं, सुकी मिरची, पापड, मिठातले आंबे. उन्हात काय वाळत घातलंय त्याची यादी मुलाने करायची आणि कावळा काय घेऊन गेला तेही लिहायचं.

वहीचा कंटाळा आला असेल तर पोस्टकार्ड आणा. जागाच इतकी कमी असते की 'पाच ओळी कशा लिहू' ही धास्ती उरत नाही. मामाला पाठवायला सांगा, विषय ओरड्याचाच ठेवा. पत्ताही तिलाच लिहू दे, 403 ने सुरू होणाऱ्या पिनकोडसकट. माझ्या वर्गातल्या एकाने पत्त्याच्या जागी 'पिंपळाकडे उतरायचं, मग दुकान, मग आजी' असं लिहिलं होतं. गावाचं नाव आणि पिनकोड मात्र बरोबर होता. पत्र चार दिवसांनी आजीकडे पोचलं.