हळदीची पट्टी आणि वर्गातला ‘का?’

प्रश्न : मी कोथरूडमधील एका शाळेत आठवीला विज्ञान शिकवते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनानिमित्त आम्ही मुलांना एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातील प्रात्यक्षिके पाहण्यासाठी नेले होते. रंग बदलणारी द्रावणे पाहून मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले, तेव्हा रंग का बदलला हे एकालाही सांगता आले नाही. अशा भेटींचा खरोखर उपयोग होतो का?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : आपली निराशा समजण्यासारखी आहे. अशा कार्यक्रमांत बहुतेकदा रंग आधी दाखवला जातो आणि कारण नंतर सांगितले जाते. तोवर मुले पुढच्या टेबलाकडे वळलेली असतात. द्रावणे एकत्र करण्यापूर्वी प्रत्येक मुलाने ‘आता काय होईल’ याचा अंदाज वहीत लिहिला, तर तो चुकल्यावर ‘का?’ हा प्रश्न मूल स्वतःच विचारते. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा असो वा एखादे महाविद्यालय, पुढच्या भेटीआधी तेथील प्राध्यापकांना एवढी एक विनंती अवश्य करावी.

यंदाची भेट मात्र वाया गेलेली नाही. रंग का बदलतो, हे आता वर्गातच करून पाहता येईल. चमचाभर हळद थोड्या सर्जिकल स्पिरिटमध्ये कालवून, गाळणकागदाच्या पट्ट्या त्यात बुडवून सावलीत वाळवाव्यात. हळदीतील कर्क्युमिन हे पिवळे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिट पेट घेते, म्हणून हे काम शिक्षकांनी, ज्योतीपासून दूर करावे. पट्टीवर लिंबाचा रस टाकल्यास ती पिवळीच राहते, धुण्याच्या सोड्याचे पाणी टाकताच तांबडी होते आणि पुन्हा लिंबू पिळले की पिवळेपणा परत येतो. सोड्याच्या पाण्यासारख्या आम्लारिधर्मी (आम्लाच्या विरुद्ध गुणाच्या) द्रावणात कर्क्युमिनच्या रेणूतून हायड्रोजन आयन निघून जातो, त्यामुळे रेणूतील इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलते आणि तो वेगळ्या रंगाचा प्रकाश शोषू लागतो. आम्ल मिळाले की आयन परत येतो व रेणू पूर्ववत होतो.

हे रसायनशास्त्र मुलांच्या घरात केव्हापासूनच आहे. आमटी सांडलेल्या सदऱ्याला साबण लावला की पिवळा डाग लाल होतो, हे प्रत्येकाने पाहिलेले असते, आणि हळदीवर चुन्याची क्रिया घडवून कुंकू करण्याची जुनी रीत आजीला ठाऊक असण्याची बरीच शक्यता आहे. तिला विचारून या, असा गृहपाठ मी तरी आनंदाने देईन. मात्र चुना डोळ्यांना घातक असल्याने मुलांच्या हाती देऊ नये.

त्यानंतर जास्वंदीच्या पाकळ्या कोमट पाण्यात भिजवून त्या पाण्याची तशीच परीक्षा घ्यावी. ते आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवे होते. सोड्याने हळद तांबडी होते, मग जास्वंद हिरवी का, हा प्रश्न वर्गात नक्की उठेल. तो मुलांच्याच शब्दांत लिहून त्या विभागाकडे पाठवावा आणि उत्तर देण्यासाठी तेथील एखाद्या संशोधक विद्यार्थ्याला शाळेत बोलवावे.