रोकू प्लेअरवर (टीव्हीला जोडून इंटरनेटवरचे कार्यक्रम दाखवणारं यंत्र) नवीन चॅनेल, म्हणजे अ‍ॅप, आलेले कसे कळतात? आणि रोकूच्या वेबसाइटवरून जोडलेलं चॅनेल टीव्हीवर का दिसत नाही?

आधी दुसऱ्याचं सांगतो, कारण तिथेच जास्त लोक अडकतात. वेबसाइटवरून जोडलेलं चॅनेल प्लेअरवर आपोआप येतं, पण त्याला २४ तासही लागू शकतात. थांबायचं नसेल तर सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग सॉफ्टवेअर अपडेट (जुन्या प्लेअरवर सिस्टिम अपडेट) उघडा आणि 'चेक नाऊ' दाबा. बहुतेक वेळा तेवढ्यात येतं. तरीही दिसलं नाही तर होम स्क्रीनच्या अगदी तळाशी बघा, नवीन चॅनेल तिथे जाऊन बसतं. रिमोटवरचं चांदणीचं बटण दाबून ते वर सरकवता येतं. (मी एकदा अर्धा तास वरच्याच रांगा शोधत होतो!)

आता नवीन काय आलं ते. चॅनेल स्टोअरमधला नव्या चॅनेलचा विभाग आठवड्यातून एकदा चाळला तरी पुरतो. रोज बघण्याइतकं काही येत नाही, आणि आलेल्यातलं बरंचसं सोडून द्यावं असंच असतं.

कोड टाकून 'गुप्त' चॅनेल जोडायच्या जुन्या याद्यांच्या मात्र नादी लागू नका. रोकूने ती सोय २०२२ मध्येच बंद केली.